नाण्याचा टाक

"अक्का, एकदा मुशीत गेलं की परत येत नाही हां," काशिनाथ पोतदार म्हणाला. नाणं त्याच्या तळहातावर होतं. ते डोळ्यांजवळ नेऊन, लांब धरून, पुन्हा डोळ्यांजवळ नेऊन तो बघत होता. "असलं नाणं मी आजवर हातात धरलं नाही."

"मग धर की अजून घटकाभर. आन् मग वितळव."

"एका अंगाला वीरचक्र उठवलंय. दुसऱ्या अंगाला नाव कोरलंय. लान्स नाईक जालिंदर शंकर काटकर."

"मला वाचून दाखवू नको. त्याचं नाव मीच ठिवलंय."

पोतदारानं नाणं गादीवर ठेवलं आणि चष्मा काढून पुसला. त्याच्या बापापासून आमचं सोनंनाणं त्याच दुकानात. माझ्यासमोर लहानाचा मोठा झालेला माणूस, म्हणून त्याला भीड पडत होती, नाहीतर सरळ नाही म्हणाला असता.

"टाक मी चांदीचा करून देतो," तो म्हणाला. "असा देतो की बघत राहाल. नाणं आहे तसं डबीत राहू दे."

"चांदीचा टाक आमच्या देवघरात हाय. सासऱ्याचा चुलता इंग्रजांच्या लढाईत बसऱ्याला पडला त्याचा. माझ्या जालिंदरचा सोन्याचा व्हणार."

आमच्या वाडीत घरटी एक माणूस फौजेत. ज्या घरचा माणूस लढाईत पडतो, त्या घरात त्याचा टाक करतात. बोटभर पत्रा, त्यावर ठशानं उठवलेली मूर्ती. तो टाक देवघरात खंडोबाच्या, जोतिबाच्या टाकाशेजारी बसवायचा आणि वीर म्हणून पुजायचा. घरातला माणूस मग घरचा देव होतो. जालिंदर जाऊन बारा वर्षं झाली होती तरी मी त्याचा टाक केला नव्हता. सोनं साठलं की करीन, असं मी लोकांना सांगायची. खरं म्हणजे टाक करायचा तर तो गेला हे आपल्या तोंडानं सोनाराला सांगावं लागतं. ते मला बारा वर्षं जमलं नव्हतं. आणि त्या शनिवारी मी सकाळच्या पहिल्या एसटीनं तालुक्याला येऊन पोतदाराच्या पायरीवर, दुकान उघडायच्या आधीच बसले होते.

"शालनवहिनींना विचारलंत का?" पोतदारानं विचारलं.

"शालनचा काय संबंध? नाणं स्टेजवर मला दिलं. पेपरात फोटू आलाय. जा, बघ."

"तसं नव्हे. त्यांच्याही नवऱ्याचं..."

"काशिनाथ, तू सोनार हायस का वकील?"

ठशांचा डबा काढून त्यानं माझ्यासमोर पालथा केला. देवीचा, नागाचा, जोडप्याचा, आणि घोड्यावर बसलेला, हातात तलवार घेतलेला वीर.

"ह्यो," मी घोड्यावर बोट ठेवलं.

"जालिंदर पायदळात होता ना?"

"देवाला पायदळ नसतंय."

"बरं. पुढल्या आठवड्यात या."

"मी हितंच बसते. करून दे."

संध्याकाळी चारपर्यंत मी त्याच्या दुकानात बसून होते. त्यानं दोनदा चहा मागवला. नाणं मुशीत टाकायच्या वेळी त्यानं मला हाक मारली, "अक्का, बघा शेवटचं." मी बाहेर रस्त्यावर उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीकडं बघत बसले. आधी चक्र बुजलं की आधी नाव, ते मला माहीत नाही.

एवढी घाई मला का झाली, ते सांगायला त्याच्या आधीचा रविवार सांगायला पाहिजे.

वीरचक्र सुरू होऊन पन्नास वर्षं झाली त्या वर्षी आमच्या जिल्ह्यातल्या माजी सैनिकांच्या एका संस्थेनं सोन्याची नाणी पाडून घेतली आणि ज्यांना ज्यांना वीरचक्र मिळालं होतं त्यांच्या घरी ती द्यायची ठरवली. अर्ध्या तोळ्याचं एकेक. माझा जालिंदर लंकेत पडला. रामानं जिंकलेली लंका, आणि आमची पोरं तिथं शांती करायला पाठवली होती म्हणे. जखमी साहेबाला पाठीवर घेऊन आणताना गोळी लागली. वीरचक्र त्याला मेल्यावर मिळालं. ते घ्यायला दिल्लीला मी आणि माझी सून शालन, दोघी गेलो होतो. पण तिथं पुढं एकालाच जाता येतं, आणि जायची ती बायको. सात महिन्यांची पोर तिनं माझ्या मांडीवर दिली आणि गेली. जन्म दिलेली मी तिसऱ्या रांगेत पोरीला दूध पाजत बसले होते. मेडल शालनच्या ट्रंकेत राहिलं. मी कधी मागितलं नाही. पण विसरलेही नाही.

म्हणून त्या रविवारी, स्टेजवरच्या माणसानं "वीरमाता भागीरथी शंकर काटकर" असं पुकारलं तेव्हा मी उठले ती काठीबिठी न घेता. शाल, नारळ आणि निळ्या मखमली डबीत नाणं. शालन माझ्या मागं दोन पावलांवर उभी होती. टाळ्या वाजत होत्या आणि मला वाटत होतं, बघ म्हणावं आता, तिसऱ्या रांगेत कसं वाटतं ते.

बुधवारी शालन अंगणवाडीतून आली. मी सोप्यात शेंगा फोडत होते. हातपाय धुऊन ती माझ्यासमोर बसली.

"आत्याबाई, एक बोलायचं होतं."

"बोल की. हात कशाला रिकामं? फोड चार शेंगा."

तिनं मूठभर शेंगा घेतल्या. चार दाणे सोलून मुठीत धरले.

"जनावरांच्या दवाखान्यातले शेलार आहेत ना."

"ड्रेसर."

"हो. त्यांनी मला विचारलंय."

"काय? म्हैस कधी व्यायची?"

"लग्नाचं."

माझ्या हातातली शेंग फुटली ती दाण्यासकट. दिनकर शेलार म्हणजे बाळंतपणात बायको गेलेला, वरच्या आळीला एका खोलीत राहणारा माणूस. आमच्या गोठ्यात वर्षातून दोन-तीनदा यायचा. म्हशीला टोचायचा आणि ओटीवर बसून चहा घ्यायचा. तो चहा कोण नेऊन देत होतं याच्याकडं माझं लक्ष गेलं नव्हतं. मला त्याचा जास्त राग आला. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत.

"आन् तू काय म्हणालीस?"

"आत्याबाईंना विचारते म्हणाले."

"मला इचारायला आलीस का सांगायला?"

"विचारायला." अंगणवाडीत लागल्यापासून तिची भाषा पुस्तकातली झाली होती. शिवी दिली तरी ती फळ्यावर लिहिल्यासारखं उत्तर द्यायची. "आम्ही लांब जाणार नाही. वरच्या आळीलाच राहू. दोन्ही वेळचं मी इथं येऊन करून जाईन. दीपाली शाळेतून सुटली की तुमच्याकडंच येईल."

"पोरगी बारा वर्षांची झाली. चार वर्षांत तिला बघायला लोक येतील. आन् आई निघाली बोहल्यावर."

"तिला मी विचारलंय."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, आजीला कोण बघणार. म्हणून तर वरच्या आळीला राहायचं ठरवलं."

म्हणजे ठरलंही होतं. मी शेंगांची पाटी बाजूला सारली.

"मी बाविसाव्या वर्षी कुंकू पुसलं," मी म्हटलं. "जालिंदर दोन वर्षांचा. दिरांनी बांधाबांधावरनं भांडणं काढली. मी मान वर करून कुणाकडं बघितलं न्हाई. काटकरांच्या घरातनं आजवर एक बाई पाटाची गेली न्हाई."

"मला माहीत आहे, आत्याबाई."

"माहीत हाय तर मग?"

तिनं मूठ उघडली. दाणे तसेच होते, एकही तोंडात टाकला नव्हता. ते तिनं पाटीत ठेवले. "मी चौतीस वर्षांची आहे," ती म्हणाली. एवढंच. मग, "दिल्लीचं मेडल मी तुमच्यापाशी ठेवून जाईन. ते या घराचंच आहे. नाणं तेवढं दीपालीला द्या. तिनं बापाला बघितलं नाही. नाव तरी तिच्या हातात राहील."

बघा, मेडल परत देत होती. बारा वर्षं ज्याच्यासाठी मी आतल्या आत कुढले ते आपण होऊन माझ्या ओटीत टाकत होती. आणि मला ते नको झालं. मेडल देणारी माणसं निघून चाललेली असतात.

"बघते," मी म्हटलं आणि उठले.

दुसऱ्या दिवशी शेलार स्वतः आला. इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी. पिशवीत इंजेक्शन नव्हतं हे मला दारातूनच दिसलं.

"अक्का, म्हैस बरी आहे ना?"

"म्हैस बरी हाय. तुम्हीच बरं दिसत न्हाई."

तो हसला, पण गोठ्याकडं गेला नाही. ओटीच्या खालीच उभा राहिला. "शालनताईंनी तुम्हाला सांगितलं असेल."

"ताई म्हणता व्हय तिला? मग राखी बांधून घ्या."

त्याचे कान लाल झाले. मला बरं वाटलं. पण माणूस हलला नाही. म्हणाला, "अक्का, मी दारू पीत नाही. बदली झाली तरी तुम्हाला सोडून लांब नेणार नाही. जालिंदररावांचा फोटो माझ्या घरातसुद्धा लागेल, पहिल्या भिंतीला."

"माझ्या लेकाचा फोटू तुमच्या खोलीत? म्हशीच्या औषधांच्या कॅलेंडरशेजारी?"

"तुम्ही म्हणाल तिथं लावू." मग मान खाली घालून म्हणाला, "तुम्ही नाही म्हणालात तर ती येणार नाही. तिनं मला तसं सांगितलंय. म्हणून तुमच्या दारात आलोय."

म्हणजे माझा एक शब्द पुरत होता. नाही म्हटलं असतं की संपलं असतं. पण मी नाही म्हटलं नाही. का, ते सांगते. मी नाही म्हटलं असतं तर गाव बोललं असतं, म्हातारीनं तरण्या सुनेला डांबून ठेवली. वीरमातेचं नाव पेपरात येऊन चार दिवस झाले नव्हते. नकार माझ्या तोंडून नको होता. तो तिच्या तोंडून यायला पाहिजे होता.

"रविवारनंतर सांगते," मी त्याला म्हटलं. "देवाला कौल लावायचाय."

तो हात जोडून गेला. आणि शनिवारी मी नाणं घेऊन पोतदाराकडं.

रविवारी सकाळी दीपाली शेजारी टीव्ही बघायला गेली. मी देवघर सारवलं, नवा टाक हळदीनं पुजून खंडोबाच्या डाव्या अंगाला बसवला. पुढं ताम्हनात बेलाची पानं आणि भंडाराची रास ठेवली. मग शालनला हाक मारली.

ती न्हाऊन आली होती. केसांना पंचा. तिची नजर आधी कोनाड्यातल्या निळ्या डबीवर गेली. डबी उघडी होती.

"नाणं कुठंय?"

"बसलाय की तिथं."

ती खाली वाकली. बराच वेळ बघत राहिली. सोनं नवं होतं, समईच्या उजेडात चमकत होतं. घोड्यानं पुढचा पाय उचललेला, वीराच्या हातात तलवार, डोक्याला पागोटं. नाक, डोळे, मिशा सगळं ठशातलं.

"हे कोण?"

"कोण म्हंजे? जालिंदर."

"ते घोड्यावर कधी बसले होते?" तिचा आवाज चढला नाही. "लग्नात घोडा आणला तर घाबरून चालत आले मारुतीपासून. तुम्हीच सांगता की सगळ्यांना."

ते खरं होतं. घोड्यानं फुरफुर केलं आणि नवरदेव उडी मारून खाली. सगळी वरात हसत होती. मी पण.

"आता त्यो वीर हाय," मी म्हटलं. "वीर घोड्यावरच असतो."

"नाव होतं त्याच्यावर, आत्याबाई."

"देवाला नाव कशाला लागतंय? घरच्याला ठावं असतंय."

"दीपालीला द्यायचं होतं."

"दीपाली हितं राहील तर तिचाच हाय."

तेव्हा तिला कळलं. पंचा सोडून तिनं खांद्यावर घेतला आणि सरळ उभी राहिली.

"काय करायला बोलावलंत मला?"

"बस. मी तुला न्हाई म्हणत न्हाई आन् व्हय पण म्हणत न्हाई. तुझ्या नवऱ्यापुढं तूच सांग. जायचं असंल तर त्याच्या तोंडावर सांग, मी चाललेय म्हणून. राह्यचं असंल तर भंडार उचल."

बेल-भंडार उचलणं म्हणजे काय ते आमच्या भागातल्या माणसाला सांगावं लागत नाही. कोर्टात खोटं बोलणारा माणूससुद्धा खंडोबाच्या भंडाराला हात लावून खोटं बोलत नाही. उचललेली शपथ मोडली की घराण्याला लागते, पोराबाळांना लागते. तिला तर एकच पोर होती.

"काय म्हणायचं?" तिनं विचारलं.

मी तिला शब्द दिले. आत्याबाई जित्या हायत तवर या घराचा उंबरा सोडून दुसऱ्या घरी नांदायला जाणार न्हाई.

ती बसली. उजवा हात तिनं भंडारावर नेला, पण टेकवला नाही. बोटभर वर धरून ठेवला. आणि माझ्याकडं बघत राहिली. टाकाकडं नाही, देवाकडं नाही, माझ्याकडं. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी झाली. तिचा हात तसाच.

"माझ्याकडं काय बघतीस?" मी म्हटलं. "देव तिकडं हाय."

तिनं बेलाचं पान आणि चिमूटभर भंडार उचलला, मी सांगितलेले शब्द जसेच्या तसे म्हटले, माझ्या भाषेत, आणि भंडार कपाळाला लावला. बारा वर्षं मोकळं असलेलं कपाळ पिवळं झालं. मग उठून चुलीकडं गेली. त्या दिवशी नव्या टाकाच्या निवदाला तिनं पुरण घातलं. मी सांगितलं नव्हतं.

शेलारानं बदली मागून घेतली. दोन वर्षांनी त्याची लग्नपत्रिका आली. वर माझंच नाव होतं, श्रीमती भागीरथी काटकर आणि परिवार. शालननं ती मला वाचून दाखवली, शाळेचं परिपत्रक वाचावं तशी, स्थळ आणि मुहूर्तासकट. कोनाड्यात ठेवली. पुढं ती पत्रिका कुठं गेली कुणास ठाऊक.

तिनं मला काही कमी केलं नाही. माझ्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं तिनं करून आणली, मांडीचं हाड मोडलं तेव्हा दीड महिना उशाशी बसली. दीपालीचं लग्न होऊन ती पुण्याला गेली. सगळं गाव म्हणतं, अक्का, नशीब काढलंत, अशी सून दिवा घेऊन शोधली तर मिळायची नाही. पण शालन बोलत नाही. म्हणजे बोलते. जेवायला वाढू का, गोळी घेतली का, पाणी तापलंय. मी टोमणा मारला तर उत्तर येत नाही. सुरुवातीला मी मुद्दाम मारायची, जरा झणझणीत. आमटीला काढायची, तिच्या माहेराला काढायची. ती ऐकून घ्यायची आणि ताट उचलून न्यायची. भिंतीशी किती वर्षं भांडावं माणसानं?

आता जे राहिलं ते सांगते. कुणाला सांगितलं नव्हतं.

जालिंदर शेवटचा गेला तेव्हा त्याला सोडायला एसटी स्टँडवर मी एकटी गेले होते. शालनला सातवा महिना, ती घरी. गाडीला वेळ होता. त्यानं मला भजी घेऊन दिली. खाता खाता म्हणाला, "आई, मला काय झालं तर शालनला बसवून ठिवू नको. चांगलं माणूस बघून लावून दे."

मी म्हटलं, "तोंड आवर. निघताना असलं बोलतंय का कुणी?"

म्हणाला, "तुझं मी बघितलंय. आबा गेल्यावर तू कशी काढलीस ते मला ठावं हाय. कवा हसताना बघितलं न्हाई तुला. तिचं तसं करू नको."

मी भज्यांचा कागद चुरगाळून टाकला. ज्या जिण्याचा मला तोरा होता, मान वर न करता काढलेली ती सगळी वर्षं, ती माझ्या पोराला अशी दिसत होती. कीव करण्यासारखी. मी त्याच्याशी गाडी सुटेपर्यंत बोलले नाही. त्यानं खिडकीतून हात केला. मी पण केला, पण उशिरा. गाडी वळली होती.

ते बोलणं मी बारा वर्षं गिळून ठेवलं. आणि बुधवारी शालन शेंगा घेऊन समोर बसली तेव्हा मला त्याचा शब्दन् शब्द आठवत होता. म्हणून तर शनिवारची पहिली एसटी पकडली.

गेल्या चंपाषष्ठीला शालन देव उजळत होती. पितळेचे चिंचेनं, चांदीचे रांगोळीनं, सोन्याचा नुसत्या ओल्या फडक्यानं. मी खाटेवरून बघत होते. तिचे केस आता माझ्यासारखेच झालेत. मी ब्याऐंशी वर्षांची. किती दिवस राहिले असतील? म्हटलं, आता तरी बोलावं.

"शालन, जालिंदर जाताना मला एक बोलला होता. तुझ्याबद्दल."

"स्टँडवर," ती म्हणाली. हात थांबले नाहीत.

"तुला कुणी सांगितलं?"

"त्यांनी. पत्र आलं होतं तिथनं. आईला सांगून ठेवलंय, ती माझ्यावर रागावली, पण तिला पटलंय, असं लिहिलं होतं."

पत्र. पस्तीस-छत्तीस वर्षं तिच्या ट्रंकेत, मेडलशेजारी.

"मग त्या दिवशी बोलली का न्हाईस? भंडारावर हात धरून बसलीस माझ्याकडं बघत. दाखवायचंस की ते पत्र."

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."

कसं सांगितलं तिनं ते! ना राग, ना डोळ्यांत पाणी. दूधवाल्यासाठी थांबले होते म्हणावं तसं. तिनं जोतिबाचा टाक पुसून पाटावर ठेवला, पुढचा घेतला.

"मी सोडते तुला शपथेतनं," मी म्हटलं. "आज, आत्ता. खंडोबाची आन. तू मोकळी हायस."

"अठ्ठावन्न वर्षांची आहे मी, आत्याबाई."

"तरी पण. मी घातली, मी सोडवते."

"तुमच्यापुढं नव्हती घेतली मी," शालन म्हणाली. "त्यांच्यापुढं घेतली. सोडवायची ती त्यांनी."

ती उठली, ओले हात पदराला पुसून खाटेपाशी आली. माझा हात उघडून तिनं त्यात सोन्याचा टाक ठेवला.

"विचारा त्यांना," म्हणाली.

मी टाक डोळ्यांजवळ नेला. लांब धरला. पुन्हा जवळ नेला. इतक्या वर्षांच्या पुसण्यानं मूर्ती झिजली होती, तोंडाच्या जागी नुसतं गुळगुळीत सोनं. घोडा तेवढा दिसत होता.

शालन हात पुढं करून उभी होती. पाटावरचे बाकीचे देव अजून बसवायचे होते.

मी टाक तिला परत दिला.